रिमॅप, वॉरंटी आणि एक लख्ख क्लिप

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला माहीत आहे, इंजिन ट्यून केलं, म्हणजे त्याची ताकद वाढवून घेतली, तर वॉरंटी जाते का. मी अकरा वर्षं एका शोरूमच्या वॉरंटी डेस्कवर होतो. हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला, आणि विचारणारे बरेचजण विचारताना खिडकीबाहेर बघत असायचे. म्हणजे काम आधीच करून झालेलं.

सुरुवातीला एक गाडी सांगतो. डिझेल एसयूव्ही, दोन वर्षांची, टो करून आणलेली. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला होता. मालक सोबतच होते. त्यांना रीतीप्रमाणे विचारलं, बाहेर काही काम करून घेतलंय का? म्हणाले, छे हो, बॉनेटसुद्धा कधी उघडलं नाही. आम्ही उघडलं. आपल्याकडच्या गाडीत इंजिनावर धुळीचा थर ठरलेलाच. वायरिंगवर, होजवर, प्रत्येक कनेक्टरवर सारखा थर होता. फक्त रेल प्रेशर सेन्सरची क्लिप लख्ख, आणि शेजारच्या होजला अर्धा कापलेला केबल टाय लोंबकळत होता. मी काही बोललो नाही. हातातला टॉर्च त्यांच्याकडे दिला आणि क्लिपकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘इथं चहा कुठं मिळतो?’

त्या क्लिपला ट्यूनिंग बॉक्स लावतात. कॉमनरेल डिझेलमध्ये सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं. त्या रेलमधला दाब किती आहे हे सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगतो. बॉक्स दोघांच्या मध्ये बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला वाटतं दाब पडला, म्हणून तो वाढवतो, आणि डिझेल जास्त जातं. म्हणजे खोटं बोलून काम काढून घ्यायचं. रिमॅपची तऱ्हा निराळी. तिथे ईसीयूमधले तक्तेच बदलतात: टर्बोचा बूस्ट म्हणजे हवेचा दाब, इंजेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं, टॉर्कची म्हणजे फिरवण्याच्या जोराची मर्यादा. पेट्रोलमध्ये स्पार्क किती आधी द्यायचा तेही. चांगल्या माणसानं केलेला रिमॅप बॉक्सपेक्षा कितीतरी शहाणा असतो, हे मी वॉरंटीवाला असूनही कबूल करतो.

मग तुमच्यापैकी कुणीतरी हमखास म्हणतं, कंपनी स्वतःच तेच इंजिन दोन ताकदींत विकते, मग आम्ही केलं तर काय बिघडलं? उदाहरणही तयार असतं. फियाटचं १.३ मल्टिजेट. आपल्या रस्त्यांवर ते इतकं धावलं की लोक त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. स्विफ्टमध्ये ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क, अर्टिगा आणि सियाझमध्ये ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर. ब्लॉक तोच, मग १५ पीएस नुसते सॉफ्टवेअरमध्ये दडवून ठेवले होते का? नाही हो. ७५ वाल्याचा टर्बो साधा होता आणि ९० वाल्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणे वळणारा, टर्बो होता. तुम्ही ७५ वाल्याला नुसत्या लॅपटॉपनं ९० च्या पुढे नेता, तेव्हा छोटा टर्बो त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त फिरतो. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर कळणारही नाही. पाच माणसं, वर सामान आणि एसी लावून आंबा घाट चढा, किंवा लेहला जा. तिथे हवा विरळ, तोच बूस्ट द्यायला टर्बोला आणखी पळावं लागतं. कंपनीनं जी जागा राखून ठेवलेली असते ती अशा दिवसासाठी आणि ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. रिमॅप म्हणजे ती राखीव जागा वापरून टाकणं.

गिअरबॉक्सचंही तेच. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स, ज्याला डीक्यू२०० म्हणतात, तो २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. पोलो जीटी टीएसआयचा मूळ टॉर्क १७५. मध्ये बरीच मोकळी जागा दिसते, म्हणून लोक ती भरतात. मग ट्रॅफिकमध्ये सरकत सरकत जाताना क्लच थरथरायला लागला की गाडी घेऊन माझ्यासमोर उभे. मूळ गाडीतही हे होऊ शकतं का? होऊ शकतं. खरी पंचाईत तिथेच आहे, कारण आता कारण कोणतं ते कोण ठरवणार?

वॉरंटी काही दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद होत नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत साधारण असं लिहिलेलं असतं की बदलामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. ‘बदलामुळे’ हा शब्द महत्त्वाचा. रिमॅप केलेल्या गाडीची पॉवर विंडोची मोटर गेली तर तिचा आणि बूस्टचा काय संबंध? आमच्याकडे एका सर्व्हिस ॲडव्हायझरनं असाच एक विंडोचा क्लेम ‘गाडी मॉडिफाइड आहे’ म्हणून परत पाठवला होता. मी तो पुन्हा भरला आणि पास झाला. तो ॲडव्हायझर माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हता, ते सोडा. पण टर्बो, इंजेक्टर, पिस्टन, क्लच, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी) हे भाग रिमॅपच्या थेट वाटेवर आहेत, आणि नेमके तेच महाग आहेत.

अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून तिथल्या कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला हे तिला दाखवावं लागतं. इंटरनेटवरचे बरेच तज्ज्ञ हाच कायदा आपल्याकडेही असल्यासारखं बोलतात. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. गाडीसाठी ५० लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं, वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत. दोष तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग सुटा भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून खराब झालेला टर्बो रागाच्या भरात भंगारात देऊ नका. तोच तुमचा पुरावा आहे, आणि कंपनीचासुद्धा.

आता तुमच्या आवडीचा भाग. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी जुना मॅप परत टाकला तर कळतं का? पुष्कळदा कळतं. ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरचा एक पडताळणी क्रमांक निघतो, सीव्हीएन म्हणतात त्याला. तक्त्यातला एक आकडा बदलला तरी तो बदलतो. जुना मॅप जसाच्या तसा परत टाकला तर क्रमांक जुळेल, मान्य. पण बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा फ्लॅश झालं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्यानं लिहिलं गेलं, याचा मोजक असतो, आणि शोरूमच्या नोंदीत तेवढ्या वेळा फ्लॅश झालेलं नसतं. फोक्सवॅगन आणि ऑडीमध्ये अशा गाडीवर कंपनीच्या यंत्रणेत टीडी१ अशी खूण पडते. ती एकदा पडली की पुढच्या प्रत्येक शोरूमला दिसते. काही नव्या ईसीयू तर उघडल्याशिवाय लिहिताच येत नाहीत, मग डब्याच्या कडेचं सीलंट बोलतं. कॅलिफोर्नियात तर जुलै २०२१ पासून धूर तपासणीतच गाडीचं सॉफ्टवेअर तपासतात.

उलटंही होतं बरं का. तुम्ही रिमॅप करून सर्व्हिसला गाडी देता, शोरूम कंपनीचा नवा अपडेट टाकतं, आणि तुमचा पंचवीस हजारांचा रिमॅप पुसला जातो. भांडणार कुणाशी?

डीपीएफ काढून टाकण्याबद्दल मी फार बोलत नाही. बीएस६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, गाडीत ते करणं म्हणजे वॉरंटीचा प्रश्नच उरत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पुढे येतं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. विमा कंपनीला बदल न कळवणं हे आणखी वेगळंच दुखणं.

मग करूच नये का? करा, पण हिशोब मांडून. व्होल्वोनं पोलस्टारचं ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर विकलं, इंग्लंडमध्ये फोर्डच्या गाड्यांसाठी माउंट्यून या ट्यूनिंग कंपनीचे किट शोरूममधून मिळायचे, दोन्हींत कंपनीची वॉरंटी कायम. अशी सोय असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा, किंवा एका टर्बोचे आणि एका क्लचचे पैसे बाजूला काढून मग लॅपटॉपवाल्याकडे जा. आणि क्लेमच्या वेळी खरं सांगा. मी खोटं पकडलेल्या क्लेममध्ये कंपनीकडे कधीच रदबदली केली नाही. खरं सांगणाऱ्या दोघांसाठी केली, आणि त्यातल्या एकाला अर्धी किंमत मिळाली.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्या मालकानं रिमॅप केला असेल तर?)

चांगला प्रश्न विचारलात. उरलेली वॉरंटी गाडीबरोबर तुमच्याकडे येते, आणि त्यानं केलेला उद्योगही तिच्याबरोबरच येतो. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, पहिलीच गाडी, वडिलांनी पीएफमधून पैसे दिलेले. त्याला रिमॅप म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, आणि क्लेम नाकारल्याचं पत्र मलाच त्याच्या हातात द्यावं लागलं. म्हणून टोकन देण्याआधी त्या कंपनीच्या शोरूममध्ये गाडी स्कॅनरला लावून घ्या. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सीव्हीएन त्यांच्या यादीशी जुळतात का विचारा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. विकणारा नको म्हणाला तर बॉनेट उघडा आणि ती क्लिप बघा.