तालमीतली झोप

कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड अजून अंधारात असते, तेव्हा आसपासच्या गावांतील तालमींमध्ये हौद्यातील लाल माती उकरण्याचे काम सुरू झालेले असते. ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवलेली ती माती पायाखाली मऊ झाली, की जोर-बैठकांना आरंभ होतो. या तालमींमधील वस्ताद मेहनतीइतकेच लक्ष खुराकाकडे आणि झोपेकडे देतात. रात्री जागणाऱ्या पोराला ते खडसावतात, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाटाण्याएवढी असते. वाढीचे संप्रेरक तिच्यातूनच स्रवते. परंतु ते दिवसभर एकसारखे न येता लाटांनी येते, आणि तरुण पुरुषांमध्ये त्यातील सर्वांत मोठी लाट पहिली गाढ झोप लागल्यानंतर थोड्याच वेळात उठते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग एका संदेशाने ग्रंथीला संप्रेरक सोडायला सांगतो आणि सोमॅटोस्टॅटिन नावाच्या दुसऱ्या संदेशाने तिला आवरतो.

ही यंत्रणा बाहेरून चालवता येईल का, या प्रश्नाचा इतिहास विलक्षण आहे, कारण येथे कुलूप सापडण्याआधीच किल्ली हाती आली होती. अमेरिकी शास्त्रज्ञ सिरिल बॉवर्स यांनी वाढीचे संप्रेरक स्रवायला लावणारी छोटी कृत्रिम पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या) तयार केली, तेव्हा ती पेशीवर नेमकी कोठे बसतात हे ठाऊक नव्हते. ती जागा १९९६ मध्ये ओळखली गेली. आणि शरीर स्वतः त्या जागेसाठी काय बनवते, याचे उत्तर १९९९ मध्ये जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना उंदराच्या जठरात मिळाले. त्या संप्रेरकाचे नाव घ्रेलिन. भूक चेतवणारे संप्रेरकही हेच, म्हणून या जातीची संयुगे घेणाऱ्याची भूक अनेकदा वाढते.

यांतील काहींना वैद्यकात रास्त स्थान मिळाले आहे. मॅसिमोरेलिन पाजून ठरावीक वेळांनी रक्त तपासले, की प्रौढाची ग्रंथी पुरेसे संप्रेरक सोडते की नाही हे कळते. टेसामोरेलिन मात्र हायपोथॅलॅमसच्या संदेशाची नक्कल करते आणि एचआयव्हीबाधितांच्या पोटात साठणारी चरबी कमी करण्यासाठी वापरले जाते.

पैलवानांच्या कानावर जाणारे नाव बहुधा इब्युटामोरेन हे असते. हे तोंडाने घेता येते. औषध म्हणून त्याला आजवर मान्यता मिळालेली नाही, आणि ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून ते विकले जाते. साठी ओलांडलेल्या ६५ निरोगी व्यक्तींवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने संप्रेरकाची पातळी तरुणांइतकी वर नेली आणि चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलोने वाढवले. ताकद मात्र वाढली नाही, आणि उपाशीपोटीची साखर चढली. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवरील दुसरी चाचणी हृदय निकामी होण्याच्या धोक्यामुळे मुदतीआधीच थांबवावी लागली. प्रतिस्पर्ध्याला उचलण्याचे बळ ज्याला हवे आहे, त्याने ‘ताकद वाढली नाही’ हे शब्द नीट ऐकावेत, असे आम्हाला कळकळीने वाटते. शरीरात साचलेले पाणीही वजनकाट्यावर मांसच भासते.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ही सर्व संयुगे स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध ठरवली आहेत, आणि दोषी ठरलेल्या खेळाडूवर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा ते सहावे आले होते. तेथून परतून त्यांनी पुन्हा मेहनत धरली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. मधली वर्षे चारच होती.