काजव्यांचा क्षण किती मिनिटांचा?

नमस्कार श्रोतेहो. मे सरत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची या भागात काजवे दिसू लागतात. आणि लगोलग मोबाइलवर त्यांचे फोटोही. काळंभोर झाड, त्यावर पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचा नुसता सडा, आणि खाली लिहिलेलं असतं, "हा क्षण टिपला!" ते बघून माणसं गाडी काढतात, रात्री झाडाखाली जाऊन उभी राहतात आणि म्हणतात, "एवढेच?"

फोटोतलं ते दृश्य तसं कुणीच पाहिलेलं नसतं, फोटो काढणाऱ्यानंसुद्धा नाही.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर नदी सुरय हा पक्षी सूर मारतो, तेव्हा शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतं उघडतं. तो खरोखरच एक क्षण. काजव्याचा उजेड इतका मंद, की तिथे हे चालत नाही. शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. असे तीसेक फोटो ओळीनं काढायचे आणि घरी येऊन संगणकावर एकावर एक रचायचे. प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ बिंदू तेवढा राहतो. आता हिशेब करा. तीस सेकंदांचे तीस फोटो म्हणजे पंधरा मिनिटं. एकच काजवा सेकंदाला एकदा चमकत झाडाभोवती फिरत राहिला, तर चित्रात त्याचे एकट्याचे नऊशे ठिपके!

याला मी लबाडी म्हणणार नाही. त्यामागे मेहनत असते. उजेड असतानाच जागेवर पोचावं लागतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, ज्या झाडावर काजवे बसतात ते गावातल्या माणसाला विचारून ठरवायचं. ट्रायपॉड रोवायचा, फोकस त्या झाडावर लावून ऑटोफोकस बंद करायचा, आणि रिंग हलू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावायची. कॅमेऱ्यावरचा बारीक लाल दिवासुद्धा झाकायचा. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, सोळाशे ते बत्तीसशे, लेन्स जेवढी उघडेल तेवढी उघडी. रात्र अमावास्येच्या आसपासची हवी. चांदणं असलं की लुकलुक फिकी पडते. हवेत दमट गारवा असतो, लेन्सवर वाफ धरते, म्हणून खिशात सुती फडकं हवंच. एवढं करून शटर उघडावं, तर मागे कुणीतरी गाडीला कुलूप लावतं आणि चारही इंडिकेटर भक्कन पेटतात. गेला तो फोटो. (काजवे बघायला यायचं आणि गाडी मात्र रस्त्यात दिवे लावून उभी करायची, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.)

आपला फोटो गेला, हे नुकसान छोटं. काजवा म्हणजे भुंगेऱ्यांपैकी एक कीटक. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं, ऑक्सिजनशी त्याची क्रिया होऊन जवळजवळ उष्णता नसलेला उजेड पडतो. उडता उडता लुकलुकतो तो बहुधा नर, मादीला साद घालणारा. ती खाली गवतात किंवा पानावर बसून उजेडानंच उत्तर देते. अळीचे दिवस मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढायचे. पंख फुटल्यावर हाती उरतात ते जेमतेम काही आठवडे, आणि त्यातच जोडीदार शोधायचा. त्या अंधारात आपण बॅटरी मारली की मादीचं उत्तर नराला दिसतच नाही. चपला गवतात घातल्या, तर ती पायाखालीच यायची.

म्हणून फोटो काढायचाच असेल, तर पायवाट सोडू नका, मोबाइलचा पडदा अगदी मंद करा, फ्लॅशचं तर नावच नको. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटीनचा कागद बांधा आणि झोत आपल्या पायांपाशीच ठेवा. आणि माझं ऐकाल, तर एखादा तरी फोटो सुटा ठेवा, तीस सेकंदांचा, काहीही न रचलेला. ठिपके थोडेच येतील, पण त्यांत एखाद्या काजव्याची वाट दिसेल, तुटक तुटक टाके घालत फांदीकडून गवताकडे उतरलेली. रचलेल्या गर्दीत ही वाट हरवून जाते. रचलेला फोटोही जरूर दाखवा, फक्त खाली लिहा: इतके फोटो, इतकी मिनिटं. मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंतच काय ती संधी. यंदाची अमावास्या कधी आहे, ते आजच कॅलेंडरात बघून ठेवा. नमस्कार.