हरवलेलं शेअर सर्टिफिकेट आणि वीस टक्क्यांचा हिशेब

(नौपाडा, ठाणे येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय तो हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटची दुय्यम प्रत काढण्याच्या खर्चाचा. त्याकडे मी येणारच आहे. आधी जरा हात वर करा बघू. घरात कागदी शेअर आहेत किंवा होते, अगदी आईवडिलांच्या नावावर का होईना, असे किती जण? बघा, निम्मं सभागृह! ठाण्यात हे असंच व्हायचं. 1973 च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्यामुळे बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांचे शेअर सामान्य माणसाच्या हाती आले. वागळे इस्टेटमध्ये, पोखरण रोडला, ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी करणाऱ्यांनी बोनसच्या पैशातून पाच-पन्नास शेअर घेतले, ट्रंकेत ठेवले आणि संसाराला लागले. पुढे 26 जुलै 2005 ला तळमजल्यावरच्या ट्रंका भिजल्या. आता पुनर्विकास चाललाय. भाड्याच्या घरात जायचं, तिथून परत यायचं, आणि दर शिफ्टिंगला एखादी फाइल गहाळ व्हायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेअरची मालकी कंपनीच्या सभासद नोंदवहीत असते. सर्टिफिकेट हा तिचा पुरावा. पासबुक हरवलं म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत ना? मग आपल्याच नावावर नोंदलेल्या मालमत्तेतला पाचवा हिस्सा एजंटाला का द्यायचा?

पाचवा हिस्सा का म्हणतोय ते सांगतो. आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांच्या यजमानांनी हौसेने काकूंच्या एकटीच्या नावावर पन्नास शेअर घेतले होते. एक दिवस एजंटाचा फोन आला, "तुमचे शेअर अडकलेत, मी सोडवून देतो, वीस टक्के द्या." काकू घाबरल्या. याला आपलं नाव, जुना पत्ता सगळं कसं ठाऊक? अहो, त्यात गुपित काही नाही. ज्यांनी लाभांश घेतला नाही त्यांची नावं, शेवटचा पत्ता आणि रक्कम कंपनीला स्वतःच्या वेबसाइटवर टाकावीच लागते. कंपनी कायद्याचं कलम 124 तसं सांगतं. त्याने ती यादी वाचली. आपणही वाचू शकतो, फुकट.

मी उभी नोकरी एका कंपनीच्या शेअर विभागात केली, म्हणून काकू माझ्याकडे आल्या. कपाट उघडलं. सर्टिफिकेट नव्हतं, पण विम्याच्या फाइलमध्ये टाचणी मारलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली. डिव्हिडंड वॉरंटचा, म्हणजे लाभांशाच्या चेकचा, फाडून ठेवलेला अर्धा भाग. कोपऱ्यात फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या नोंदवहीतला खाते क्रमांक. टाचणीचा गंज बरोबर शेवटच्या आकड्यावर उतरलेला, तो भिंगाखाली धरून वाचला. त्यावर कंपनीच्या शेअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारला पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं: सही जुळत नाही.

यावर मला बोलायचंच आहे. सांध्यांच्या दुखण्याने ज्यांची बोटं वळलीत त्या बाईची सही चाळीस वर्षांपूर्वीसारखी कशी येईल? तपासणी हवीच, तिच्याविना फसवणूक होईल, मला मान्य आहे. पण सही जुळली नाही तर पुढे काय करायचं, हे त्याच पत्रात लिहायला काय हरकत होती? आम्ही पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच ओळ. याच ओळीला कंटाळून म्हातारी माणसं एजंटाकडे जातात.

उपाय आहे, लिहून घ्या. आयएसआर-2 नावाचा फॉर्म. आपल्या बँकेचा मॅनेजर त्यावर आपली आजची सही साक्षांकित करतो. "आम्ही हे करत नाही" असं बँकेत ऐकावं लागतं. फॉर्म समोर ठेवायचा आणि शांतपणे बसून राहायचं. त्यासोबत आयएसआर-1, म्हणजे पॅन, पत्ता, बँक खातं. हे झालं की सर्टिफिकेट नंबर आणि डिस्टिंक्टिव्ह नंबर (एकेका शेअरचा क्रमांक) रजिस्ट्रारने लेखी मागणीवर द्यायचे असतात. काकूंना ते मिळाले तेव्हा कळलं की कंपनीने एकेका शेअरचे दहा भाग केल्याने त्यांच्या पन्नास शेअरचे कधीच पाचशे झाले होते. नवं सर्टिफिकेट गेलं जुन्या चाळीच्या पत्त्यावर, आणि चाळ तोवर पाडलेली. जे त्यांनी डोळ्यांनीही पाहिलं नाही, तेच हरवलेलं!

माझा भाचा अमेरिकेत आहे. तिथे दुय्यम प्रतीसाठी हमीपत्राचा बाँड घ्यावा लागतो, साधारण बाजारभावाच्या दोन ते तीन टक्के. आपल्याकडे टक्केवारी अजिबात नाही... हो, चिठ्ठी मिळाली, दहा मिनिटं. मग खर्च भराभर सांगतो.

कंपनीची फी 2014 च्या नियमांप्रमाणे एका सर्टिफिकेटला जास्तीत जास्त 50 रुपये. प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र स्टँपपेपरवर. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100-200 च्या जागी 500 चा कागद लागतो. वर नोटरी. जामीनदार लागत नाही, कुणी मागितला तर शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीचं 25 मे 2022 चं परिपत्रक दाखवा. त्याच परिपत्रकाने 5 लाखांपर्यंतच्या शेअरना पोलिस तक्रार आणि वर्तमानपत्रातली जाहिरात माफ केली. किंमत धरायची अर्जाच्या आदल्या दिवशी बाजार बंद होतानाच्या भावाने. अर्ज करताना चालू मर्यादा रजिस्ट्रारकडून विचारून घ्या. रक्कम त्यावर असेल तर जाहिरात हाच मोठा खर्च. दर वर्तमानपत्रागणिक वेगळा, चार ठिकाणी विचारा. तक्रारीत फोलिओ आणि सगळे नंबर हवेतच, नाहीतर ती परत येते.

अर्जाचा फॉर्म आयएसआर-4. जानेवारी 2022 पासून नवा कागद मिळत नाही. शेअर डीमॅटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यातच घ्यावे लागतात, म्हणून डीमॅट खातं आधीच उघडा, नोंदीतल्याच नावाने.

सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेलेले असतात. तेही परत मिळतात. फॉर्म आयईपीएफ-5, ऑनलाइन, त्याला फी नाही. पण आधी कंपनीकडून हक्कपत्र घ्यावं लागतं, म्हणजे केवायसी पुन्हा तीच. काकूंचं तिथवर गेलं नव्हतं. त्यांचे पाचशे शेअर आता डीमॅटमध्ये आहेत, आणि स्टँप, नोटरी, टपाल एवढ्यावर सगळं भागलं. आयएसआर-2 च्या कोऱ्या प्रती मी आणल्या आहेत, दाराशी ठेवल्यात. बँकेत जाताना दोन न्या, एक खराब होतेच.