लग्न लावतं कोण?

नमस्कार श्रोतेहो.

नाताळ आटोपला की आमच्या वसई पट्ट्यात, निर्मळपासून आगाशीपर्यंत, जागोजागी मांडव दिसू लागतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ. त्यात लग्नं सहसा टाळतात, म्हणून त्याआधीच्या आठवड्यांत बँडवाले आणि केटरर कुणाला हाती लागतील तर शपथ. आज मला बोलायचंय ते मात्र चर्चमधल्या त्या तासाभराबद्दल.

चर्चमध्ये लग्न लावतं कोण? विवाहपूर्व शिबिरात मी हे विचारते, तेव्हा बहुतेक मुलं पटकन सांगतात, ‘फादर!’ आपल्या रोमन कॅथलिक परंपरेत ते उत्तर बरोबर नाही. हा संस्कार वधूवर एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीनं त्यांची संमती विचारतात आणि स्वीकारतात. साक्षीदार ती ऐकतात. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत हे स्वच्छ लिहिलंय, की लग्न होतं ते दोघांच्या संमतीनं, आणि ती संमती दुसरं कुणीही त्यांच्या वतीनं देऊ शकत नाही. आईबाप नाहीत, बिशप नाहीत, पोपसुद्धा नाहीत.

मग फादर हवेत कशाला? एके काळी युरोपात दोघांनी आपापसात शब्द दिला तरी लग्न झालं असं धरत. पुढे एकानं कानांवर हात ठेवले की दुसऱ्याकडे पुरावा काही नाही. यात मुलींची काय गत होत असेल, ते सांगायला नको. अखेर त्रेंतच्या धर्मपरिषदेनं, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेनं, 1563 मध्ये ठरवलं, की धर्मग्रामाचे, म्हणजे त्या भागातल्या चर्चचे, फादर आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर दिलेला शब्दच खरा, आणि त्याआधी नावं जाहीर पुकारायची. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपताना अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी अशी नावं पुकारतात आणि बाकांवर कुजबुज सुरू होते ना, तिला एवढा मोठा इतिहास आहे.

लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. कुणी जबरदस्ती केलीय का? एकमेकांपासून काही लपवलंय का? मुलं हसत आत जातात. एखादी मुलगी मात्र त्या खुर्चीत बसल्यावर गप्प होते, बोटातली साखरपुड्याची अंगठी फिरवत राहते. माझ्या मते देवाशी नातं जुळायला सुरुवात होते ती या खुर्चीत. वेदीपुढच्या फुलांच्या कमानीखाली पोचेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. आपल्या देवाला ओढूनताणून आणलेला होकार चालत नाही. येशूच्या जन्माचा निरोप घेऊन मरियेकडे देवदूत आला, तोही तिचं उत्तर ऐकूनच परतला.

जोडीदार हिंदू किंवा दुसऱ्या धर्माचा असेल, तर बिशपांची परवानगी लागते. चर्चमध्ये लग्न करायचं म्हणून त्यानं बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे, असा नियम नाही. श्रद्धा जपण्याचं वचन मागतात ते कॅथलिक बाजूकडून. समोरच्याला त्याची फक्त कल्पना देतात. घरच्यांच्या धाकानं किंवा हॉलची तारीख हुकू नये म्हणून घाईघाईनं घेतलेल्या बाप्तिस्म्यापेक्षा हे मला हजार पटींनी प्रामाणिक वाटतं.

शास्त्रपाठाचंही, म्हणजे लग्नात वाचायच्या बायबलमधल्या उताऱ्याचंही, तसंच. दहापैकी नऊ जोडपी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय निवडतात. प्रीती सहनशील असते, हेवा करत नाही, वगैरे. छान आहे, निवडा. पण हे पत्र लिहिणाऱ्या संत पौलानं ते नवपरिणितांसाठी लिहिलं नव्हतं. करिंथ शहरातली ख्रिस्ती मंडळी आपसात भांडत होती, गट पाडून बसली होती, एकमेकांना कोर्टात खेचत होती. त्यांना खडसावतानाचे शब्द आहेत ते. म्हणून फोटोग्राफर वेदीच्या पायऱ्यांवर पाठ करून उभा असताना वाचून संपवण्यापेक्षा, घरात पहिलं कडाक्याचं भांडण होईल त्या रात्री तो अध्याय काढा. तेव्हा तो बोचेल, आणि बोचायलाच हवा.

लग्नानंतर चर्चच्या कचेरीत आणखी एक काम होतं, ते फारसं कुणाला माहीत नसतं. सह्या झाल्या, लग्नाच्या वहीत नोंद झाली, की तुमचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चला कळवतात. तिथलं जुनं रजिस्टर काढून, तुमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लग्नाची तारीख, ठिकाण आणि जोडीदाराचं नाव लिहितात. म्हणजे चर्चच्या लेखी लग्न हे नवं खातं नाहीच; महिन्याभराचे असताना आईबापांनी तुमच्या वतीनं देवाशी जे नातं जोडलं, त्याच ओळीत ते पुढे चालू राहतं. फरक एवढाच, की तेव्हा तुमच्या वतीनं दुसरे बोलले होते.

लग्न ठरलेल्यांना एक काम सांगते. फादरांकडून वचनाचा मजकूर आधीच मागून घ्या. सुखात, दुःखात, आजारपणात, हे सगळं त्यात आहे. एखाद्या संध्याकाळी दोघांनी बसून एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवा. आधी हसू येईल, येऊ द्या. मग ‘आजारपणात’ या शब्दाशी थांबा आणि दोघांच्या आईवडिलांची दुखणी कोण, कशी काढणार, ते तिथेच बोलून घ्या. बोलणं संपलं की एक ‘आमच्या बापा’ म्हणा. जोडीदाराला ती प्रार्थना येत नसेल, तर तो नुसता शेजारी बसला तरी चालेल.

नमस्कार.