बोलावलेली फौज

[दृश्य : होन्नावर, शरावतीचं मुख]

आपल्या भांडणात बाहेरची फौज आली, की ती आपल्यासाठी राबत नाही; गोव्याला हे वारंवार कळलं. १५१० साली पोर्तुगीज सेनापती अफोंसो द अल्बुकर्क निघाला होता तांबड्या समुद्राकडे. त्याला विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यातल्या गोव्याकडे वळवलं होन्नावरच्या तिमय्या या दर्यावर्दी सरदारानं. आदिलशाही करांनी गावकर जेरीस आलेत, शहरात फौज जेमतेम आहे, हीच वेळ साधा! आदिलशहाचा काटा परस्पर निघेल आणि शहर आपल्या हाती येईल, हा त्याचा हिशेब. नोव्हेंबरअखेर शहर पडलं आणि अल्बुकर्कनं ते स्वतःकडेच ठेवलं. तिमय्याच्या वाट्याला आली जमिनींची वसुली, आणि तीही फार काळ टिकली नाही.

[दृश्य : कुठ्ठाळी, जुवारीचा काठ]

त्याहून महागात पडलं ते विजापूरच्या गादीचं भांडण. इब्राहिम आदिलशहाच्या विरोधातला दावेदार मिआले खान पोर्तुगिजांनी गोव्यात आणून ठेवला. त्याला सोडू नये म्हणून इब्राहिमनं १५४३ मध्ये गोव्यातले बार्देश आणि साष्टी देऊन टाकले. पोर्तुगिजांनी दोन्ही महाल घेतले आणि मिआलेलाही हाताशी ठेवला. तो असेपर्यंत विजापूरला धाक. भांडण सुलतानांच्या घरातलं, भुर्दंड साष्टीच्या रयतेला. वीस-पंचवीस वर्षांत देवळं पाडली जाऊ लागली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा जुवारीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात गेली. आणि अंत्रुजात तेव्हा राज्य कुणाचं? त्याच आदिलशहाचं. साष्टी देऊन टाकणाऱ्याच्याच मुलखात देवांना आसरा शोधावा लागला.

[दृश्य : दोना पावला, ब्रिटिश कबरस्तान]

१७९९ मध्ये फ्रेंचांच्या धास्तीचं निमित्त करून इंग्रज पलटणी आल्या. पोर्तुगिजांचे दोस्त म्हणून. या दोस्तांनी १८१३ पर्यंत काही मुक्काम हलवला नाही.

[दृश्य : पणजी, जुनं सचिवालय]

मग १९६१ चं काय, तेव्हाही भारताची फौज बाहेरूनच आली ना, असं कुणीतरी विचारणारच. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत ठराव आणला, भारतानं सैन्य मागे घ्यावं म्हणून. सोव्हिएत रशियानं व्हेटो वापरला. इथे मात्र १८ जून १९४६ पासून लढा पेटलेला होता; सैन्य आलं ते त्याच्या शेवटी. आणि आम्हाला विचाराल तर खरी कसोटी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाल्यानंतरची. लष्करी गव्हर्नर कँडेथ जून १९६२ मध्ये गेले, १९६३ च्या डिसेंबरात निवडणूक झाली, बांदोडकरांचं सरकार आलं. महाराष्ट्रात जायचं की नाही, हे भांडण तर अगदी घरातलं. ते १६ जानेवारी १९६७ ला मतपेटीत गेलं : वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. आपल्या मराठीवाल्यांपैकी पुष्कळांना तो निकाल बोचला. काहींना अजून बोचतो.