170 रुपये आणि शनिवार पेठेतले काका

हे कर्वे रोडवरचं सह्याद्री हॉस्पिटल. पुण्याच्या डॉक्टरांनी उभं केलेलं, 2019 ला एव्हरस्टोन फंडाकडे गेलं, 2022 ला कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे, आणि 2025 ला मणिपाल या हॉस्पिटलवाल्या कंपनीने घ्यायचं जाहीर केलं. पेशंटला काय, बिलाची खिडकी तीच.

पण हेच मणिपाल 2018 ला आणखी मोठ्या घासामागे होतं. फोर्टिस, तीही हॉस्पिटलांचीच कंपनी. त्या वेळचा किस्सा आमच्या शनिवार पेठेतले एक काका अजून सांगतात, कारण त्यांच्याकडे फोर्टिसचे थोडे शेअर होते, किती ते मात्र सांगत नाहीत.

फोर्टिस मालविंदर आणि शिविंदर सिंग या भावांची. 2008 ला रॅनबॅक्सी ही औषध कंपनी जपानच्या दायइची सांक्योला विकून घराण्याला साधारण 10 हजार कोटी मिळाले, आणि दहा वर्षांत कर्ज इतकं झालं की फोर्टिसचे शेअर गहाण. शेअर गहाण ठेवणं सोन्यासारखं नसतं बरं का, भाव पडला की सावकार म्हणतो अजून आणा, नाही आणले तर विकून मोकळा. होता होता भावांचा हिस्सा एक टक्क्याच्याही खाली आला. फेब्रुवारी 2018 ला दोघं बोर्डावरून गेले.

कंपनी विनामालक, पैशाची चणचण, आणि दारात गिऱ्हाईकांची रांग: मणिपाल आणि अमेरिकेचा टीपीजी फंड, मलेशियाची हॉस्पिटल कंपनी आयएचएच, हिरोवाले मुंजाल आणि डाबरवाले बर्मन. 10 मे ला बोर्डाने बहुमताने मुंजाल-बर्मन निवडले, 1800 कोटी घालणार म्हणे. आणि इथे ठिणगी पडली. दुसरे जास्त भाव बोलत असताना हेच का?

दहा टक्के मतं हातात असली की बोर्डाला सभा बोलवायला लावता येते, आणि साध्या बहुमताने डायरेक्टर काढताही येतो, असं कंपनी कायदा 2013 सांगतो. फोर्टिसचे शेअर असलेल्या ईस्ट ब्रिज आणि ज्युपिटर या दोन फंडांनी तेच केलं, जुन्या चार डायरेक्टरना काढा म्हणून. 22 मे ला सभा. तिघांनी आधीच राजीनामे दिले, उरले ब्रायन टेम्पेस्ट, त्यांना मतदानाने घालवलं. काकांनी पण घरबसल्या ई-व्होटिंग केलं, ओटीपी पुतण्याने वाचून दाखवला.

मग नव्याने बोली. जुलैत आयएचएच जिंकली, 170 रुपये शेअरला, कंपनीत 4000 कोटी. किरकोळ शेअरहोल्डरांसाठी 170 ची ओपन ऑफर, म्हणजे त्यांचेही शेअर त्या भावाने घ्यायची तयारी, पण येणार होती. काका द्यायला तयारच, फॉर्म कुठे मिळतो ते विचारत फिरले. पण दायइचीचा सिंग बंधूंशी जुना दावा होता, त्यात डिसेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने जैसे थे म्हटलं आणि ऑफर लटकली, कित्येक वर्षं.

काका कोर्टाच्या नावाने रोज बोटं मोडायचे. पुढे भाव 170 च्या कितीतरी वर गेला, तेव्हापासून कोर्टाबद्दल एक शब्द नाही.