हनुवटीखालचा खर्ज

(दृश्य : खुंटी पिळणारी बोटं, अगदी जवळून)

खुंटी घसरली. मार्च उलटला की मराठवाड्याची हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि व्हायोलाच्या, म्हणजे व्हायोलिनसारख्याच पण खालच्या सुरांच्या वाद्याच्या, खुंट्या भोकात सैल होतात. नुसती फिरवली तर पुन्हा घसरणार. फिरवता फिरवताच आत दाबायची. तरी बसली नाही, तर खडूचा किंचित हात. तार सारखी ताणली की घोडीचा (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याचा) माथा बोटांच्या पट्टीकडे झुकतो, तो दोन्ही चिमटींत धरून सरळ करायचा. घोडी आडवी झाली, तर पोटातला लाकडी खांबही पडू शकतो. मग आजची मैफल विसरा.

(दृश्य : टेबलावर व्हायोलिन आणि व्हायोला)

व्हायोलिनचं अंग 35.5 सेंटिमीटर, शेजारच्या व्हायोलाचं 41. फरक एवढुसा, सूर मात्र पंचमाने खाली. पेटीवर दाखवायचं तर तारा अशा : पांढरी एक, पाच, दोन, सहा. चेलो या याच घराण्यातल्या मोठ्या वाद्याच्याही याच, फक्त एक सप्तक खाली. हिशेबाने या सुरांना सुमारे 53 सेंटिमीटरचं अंग हवं. तेवढं वाद्य हनुवटीखाली धरलं तर हात पुरत नाही. म्हणून अंग आखूड ठेवलं, आणि त्यातूनच हा आवाज आला : दबका, किंचित नाकातला, खर्जात दाणेदार. याला ‘मोठं व्हायोलिन’ म्हणणाऱ्यांनी पुढचं दृश्य नीट पाहावं.

(दृश्य : जाड तारेवर गज, मंद गतीत)

व्हायोलिनचा गज साधारण 60 ग्रॅमचा, व्हायोलाचा 70च्या आसपास. जाड तार लगेच बोलत नाही. आधी गज तारेत रुतवायचा, मग ओढायचा. वजन जास्त आणि ओढ संथ, तर करकर. ओढ वेगाची आणि वजन कमी, तर नुसती हवा.

(दृश्य : कूलरचं बटण)

कूलर बंद. त्याची घरघर राहिली तर हळुवार जागा मागच्या रांगेला ऐकूच जात नाहीत. माइक नाही, आणि ते योग्यच. स्पीकरमधून हा खर्ज उगाच फुगतो. साथीचा डिजिटल पियानोही बेताचा ठेवलाय. मधल्या पट्ट्यातले सूर दोघांचेही, पियानो दाटला की व्हायोला बुडतो.

(दृश्य : वादन, मधूनमधून स्वरलिपीची पानं)

जर्मन संगीतकार ब्राम्सचा सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक 120, त्यातला दुसरा. 1894 मध्ये त्याने तो रिचर्ड म्यूलफेल्टच्या क्लॅरिनेटसाठी लिहिला. हो, आपल्या लग्नाच्या बँडात असते तीच क्लॅरिनेट. व्हायोलासाठी ब्राम्सनेच तो पुन्हा बसवला, काही जागा सप्तकभर खाली आणल्या.

मग संगीतकार रिबेका क्लार्कचा व्हायोला सोनाटा, 1919. ती स्वतः व्हायोलावादक. त्या वर्षी अमेरिकेतल्या रचना-स्पर्धेत तिच्या आणि संगीतकार अर्नेस्ट ब्लॉकच्या रचनेत पंचांची मतं समसमान पडली. बक्षीस ठेवणाऱ्या एलिझाबेथ कूलिज यांनी निर्णायक मत ब्लॉकला दिलं. ब्लॉकची रचनाही व्हायोलाचीच होती. क्लार्कची सुरुवात ऐका : पियानो स्वर धरून थांबतो, व्हायोला एकटा सुटतो.

(40 सेकंद निवेदन नाही)

(दृश्य : मंचापाशी मुलं)

मैफलीनंतर मुलांनी वाद्य हाताळलं.

(दृश्य : गजाचं मळसूत्र)

वादन संपलं की गज आधी सैल करायचा. कोरड्या हवेत गजाचे केस आणखी आकसतात. ताणलेलाच वाद्याच्या खोक्यात ठेवला, तर काठी वाकते.